बिनभिंतीचं घर

सुताराच्या अंगणात भुसा साठतो तसे किस्से साठतात. भुसा चुलीत जातो. किस्से जात नाहीत. मी शिकलेला नाही, पण आम्ही बांधलेलं एक घर मला खांबाखांबानं पाठ आहे.

जव्हार संस्थानाच्या दिवसांत मुंबईच्या एका शेठला डहाणूच्या किनाऱ्यावर बंगला हवा होता. सागवान जव्हारच्या रानातलं, म्हणून माणसंही तिथलीच. उस्मान मिस्त्री म्होरक्या. त्याच्या हाताखाली मी, जामसरचा. छपराच्या कामाला डोंगरावरच्या सूर्यमाळचा सोमा.

*

शेठ म्हणाला, भिंत एकही नको. अंथरुणातून समुद्र दिसला पाहिजे.

सोमाला वाटलं, माणूस पैशाच्या अडचणीत आहे. हळूच जवळ जाऊन म्हणाला, "शेठ, लाजू नका. कुडाच्या भिंतीला कारवीच्या काठ्या आमच्या रानात लय आहेत. मी आणून देतो, फुकट."

*

सोमानं सकाळी बांबू भिजायला समुद्राच्या कडेला टाकले. दुपारी बघतो तर पाणी लांब गेलेलं, बांबू वाळूत. सूर्यमाळला उन्हाळ्यात पाण्यावरून भांडणं होतात. हा थेट कोळ्यांकडे गेला. "आमचा पानी कोनी अडवला?"

एक म्हातारा कोळी जाळं विणत होता. वर न बघता म्हणाला, "संध्याकाळी परत देतो."

संध्याकाळी पाणी आलं. सोमा म्हणाला, "मानसं शब्दाची पक्की."

*

आम्ही जेवायला समुद्राकडे पाठ करून बसायचो. शेठला ते खटकलं. एवढा देखावा, आणि पाठ?

उस्मान मिस्त्री म्हणाला, "शेठ, तो सारखा बोलतो. समोर बसलं तर जेवू देणार नाही."

*

तिथला विठू मिस्त्री रोज येऊन हसायचा. भिंत नाही, खिळा नाही, नुसत्या वाखाच्या दोरीच्या गाठी. वारा खालून शिरेल आणि छप्पर घेऊन जाईल, म्हणायचा.

एकदा सगळ्यांदेखत उस्मान मिस्त्री बोलून गेला, "छप्पर उडालं तर हत्यार खाली ठेवीन. पुन्हा उचलणार नाही."

त्याला दुसरा धंदा येत नव्हता.

*

वैशाखात, भर दुपारी वादळ आलं. उस्मान मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन छपराखाली जाऊन बसला. सोमा आणि मीही बसलो. भ्यालो होतो. वारा समुद्राकडून शिरायचा आणि डोंगराकडे निघून जायचा. अडवायला काही नव्हतंच. वाख भिजून गाठी आणखी घट्ट होत होत्या.

मग पावसातून विठू मिस्त्री आला. बायकोच्या डोक्यावर भांडी, मागे म्हातारी आई. त्याच्या घराची कौलं उडाली होती. पायरीशी येऊन उभा राहिला.

उस्मान मिस्त्रीनं पेटी सरकवून जागा केली.

"या आत," तो म्हणाला. "आणि दार लावून घ्या."