मिनेगिशीबाईंचं पथ्य

जपानमधल्या आमच्या कानाझावाच्या प्रयोगशाळेत दर शरदात प्रयोगात गेलेल्या उंदरांचं स्मरण करतात. अंगणातल्या शिळेपुढे फुलं ठेवायची, हात जोडायचे, मग आत येऊन चहाबरोबर गोड पुरणाचे मांजू खायचे. कुणी शिळेपुढे मांजू ठेवायला गेलं, की मिनेगिशीबाई हात धरायच्या.

"मधुमेहाने गेलेत बिचारे! मेले म्हणून पथ्य मोडायचं?"

आणि रोजचं कोरडं खाद्य वाटीत घालून ठेवायच्या. नवे लोक हसत. आम्ही जुने हसत नसू, कारण बाई स्वतः शाळेच्या वयापासून इन्सुलिन टोचून घेत होत्या. हुद्दा तंत्रज्ञाचा, दरारा सासूचा. जेवणाआधी टेबलाखाली हळूच पोटात सुई टोचायच्या आणि मला दटावायच्या, "ओकुदा, इकडे काय बघतोस? डबा उघड."

आमचं काम असं होतं: स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मेल्या, तरी शेजारच्या, साखर वाढवणाऱ्या पेशी धडधाकट असतात. त्यांच्यात नवी जनुकं सोडून त्यांनाच इन्सुलिन बनवायला शिकवायचं. वर्षानुवर्षं त्या काही शिकेनात. यंदा एका उंदराची साखर उतरली आणि उतरलेलीच राहिली. मी तर नाचायचाच बाकी होतो.

प्राध्यापक कुरामोची म्हणाले, "थांबा. जुन्या पेशी थोड्या उरल्या असतील, हे काम त्यांचंही असेल. स्वादुपिंड कापून बघावं लागेल."

म्हणजे बरा झालेला उंदीर मारायचा.

"मी करते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा हात थरथरला, तर त्याचा जीव फुकट जायचा."

शेजारच्या पेशींवर आधीच लाल खूण केलेली होती. इन्सुलिन हिरवं दिसणार होतं. एकाच पेशीत दोन्ही रंग सापडले, तरच आमचं म्हणणं खरं. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून प्राध्यापक बाजूला झाले. "मिनेगिशी-सान, आधी तुम्ही."

बाई वाकल्या त्या वर बघेचनात.

"अहो, दिसतंय का काही?" मला राहवेना.

"गप रे! नीट बघू दे." मग म्हणाल्या, "लाल आहेत, त्याच हिरव्या आहेत. शिकल्या रे, पोरी शिकल्या!"

कुरामोचींनी त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला.

"माणसापर्यंत पोचायला अजून खूप अवकाश आहे," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "तोवर माझ्या पोटावर टोचायला जागा उरली म्हणजे मिळवली."

यंदाच्या स्मरणाला त्यांनी नेहमीची वाटी ठेवली. मग पिशवीतून एक मांजू काढून तिच्याशेजारी ठेवला.

"आणि पथ्य?" मी विचारलं.

"बाकीच्यांना आहेच. हा त्याचा एकट्याचा. त्याला आता चालतं."

आत येऊन त्यांनी स्वतःचा मांजू बशीत घेतला आणि सुई काढली. त्या दिवशी टेबलाखाली नाही, सगळ्यांसमोर टोचली.