आनंदपूर साहिबचा रस्ता आणि अप्पांनी सोडलेला शिरा

चंदीगडला खेटून असलेल्या झिरकपूरमध्ये राहणाऱ्याला देवदर्शनाला जायचं तर आधी झिरकपूरमधून बाहेर पडावं लागतं, आणि ज्याला ते साधलं त्याला पुढे देवाकडे मागण्यासारखं फारसं काही उरत नाही. तरीही मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही निघालो, तेही आनंदपूर साहिबला. कारण होतं माझ्या वडिलांनी सोडलेला शिरा.

हे नीट सांगायला हवं. अप्पा, म्हणजे माझे वडील, कराडला राहतात. सगळी नोकरी तहसील कचेरीत झाली. दोन वर्षांपूर्वी आई आजारी पडली. तोवर देवाकडे कधी काही न मागितलेला हा माणूस हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधल्या गणपतीच्या फोटोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, हिला बरं कर, मी शिरा सोडला. आपल्याकडे काशीला जाऊन आवडती वस्तू सोडायची पद्धत आहे. त्यातही हुशार माणसं आधीपासून नावडणारीच भाजी निवडतात; माझ्या एका आत्याने मोठ्या भक्तिभावाने कारलं सोडलेलं आहे. अप्पांना असली चलाखी सुचली नाही. आईच्या हातचा शिरा हा त्यांचा जीव की प्राण. पहिला घास खाऊन ते दरवेळी म्हणायचे, "साखर कमी आहे," आणि संपली की वाटी पुन्हा पुढे करायचे. बायकोचं कौतुक करणं त्यांना एवढंच जमायचं.

आई वाचली नाही. देवाने त्याची बाजू पाळली नाही, अप्पांनी मात्र स्वतःची पाळली. आणि मराठी घरात शिरा सोडणं म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद सोडणं. त्या कथेतच प्रसाद न घेता निघून गेलेल्यांचे काय हाल झाले ते रंगवून सांगितलेलं असतं. चुलत्यांच्या घरच्या पूजेतून अप्पा प्रसादाच्या वेळी हळूच सटकले, ते काकूंनी पाहिलं आणि चारचौघांत बोलून दाखवलं. तेव्हापासून त्यांनी कोणाकडेही जाणं बंद केलं. लग्न नाही, मुंज नाही, बारसं नाही. राहतो त्याच सोसायटीत आम्ही घेतलेल्या नव्या फ्लॅटच्या सत्यनारायणासाठी ते कराडहून आले तेही एका अटीवर: प्रसाद वाटायला लागले की मी खाली पार्किंगमध्ये फिरायला जाईन, मला कोणी बोलवायचं नाही.

माझा सत्यनारायणावर फारसा विश्वास नाही, पूजा सासूबाईंच्या समाधानासाठी होती. पण वडील डोळ्यांदेखत एकेका माणसाला तोडत चालले होते आणि उद्या माझा नंबर लागणार, याची मला भीती वाटत होती.

आनंदपूरची कल्पना सुभेदार काकांची. काका मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन इथेच स्थायिक झालेले. आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींचं रविवारचं भजन तेच चालवतात. भजनानंतर अनुभव सांगायचा कार्यक्रम असतो आणि त्यात काकांचा अनुभव कायमचा ठरलेला: नोकरीत असताना दारूच्या नादी कसे लागलो, थंडीतल्या रात्री नाल्यात कसे पडलो, पहाटे गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून शबद कसा कानावर आला आणि बाटली कशी कायमची सुटली. मी हा अनुभव इतक्यांदा ऐकलाय की त्या नाल्याची खोली दर वर्षी वाढते आहे, हे मी शपथेवर सांगू शकते. "तुझ्या वडलांना मी न्हेतो," काका म्हणाले. "तिथं भल्याभल्यांचं पाणी झालंय." गाडी अर्थातच मी चालवणार होते.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सहाच्या आत निघा. एअरपोर्ट रोडने मोहालीच्या कडेकडेने खरड गाठायचं, तिथला फ्लायओव्हर पकडायचा, पुढे कुराळी, रोपड, किरतपूर आणि मग आनंदपूर. सकाळी सव्वादोन तास पुरतात. टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या दिवशी बघा, नाहीतर मागचे ट्रकवाले आपल्या घराण्याचा उद्धार करतात. कुराळीच्या पुढे ढाब्यावर आलूचे पराठे मिळतात, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. एक पराठा एका माणसाला पुरतो. काकांना तीन लागले. पराठे येईपर्यंत काकांनी ढाब्याच्या मालकाला नाल्याची गोष्ट सांगितली. मालकाने सगळी ऐकून घेतली, 'वाहेगुरू' म्हणून हात जोडले आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. अध्यात्माचा रोकडा फायदा मी पहिल्यांदाच पाहिला.

रोपडला सतलज लागते. रुंद, संथ, हिरवट पाणी. किरतपूरला लोक अस्थी विसर्जनासाठी येतात. आमच्या पुढच्या गाडीतले लोक त्यासाठीच वळले असावेत. मागच्या सीटवर मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली बाई दिसत होती. काका तेव्हा नाल्यात पडण्याच्या बेतात होते, ते गप्प झाले. अप्पा ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून बघत राहिले. मी एसी उगाच कमी-जास्त केला.

आनंदपूरचा मुख्य गुरुद्वारा टेकडीवर आहे, पांढराशुभ्र, लांबूनच दिसतो. पार्किंगपासून चढ आहे पण सोपा, अप्पांचे गुडघेसुद्धा कुरकुरले नाहीत. डोक्याला बांधायचे भगवे रुमाल दारातच ठेवलेले असतात. चपला ठेवायच्या खिडकीशी एक चांगले कपडे घातलेले, सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावलेले सरदारजी सेवेला होते. त्यांनी अप्पांच्या चपला दोन्ही हातांनी घेतल्या. अप्पा इतके संकोचले की त्यांनी उलटा त्यांनाच नमस्कार केला. आत कीर्तन चालू होतं. शब्द सगळे कळत नव्हते, पण पेटीचा सूर ओळखीचा होता. माथा टेकून आम्ही थोडा वेळ बसलो. अप्पा डोळे मिटून बसले होते, आणि मला वाटलं, चला, ही सहल निदान वाया तरी गेली नाही.

बाहेर पडताना प्रसादाची रांग होती. काकांनी मागून शिकवलं, दोन्ही हातांची ओंजळ करायची, नाही म्हणायचं नसतं. काकांनी कितीतरी वर्षं इथला प्रसाद खाल्ला आहे, मीही दोन-तीनदा खाल्ला आहे, पण अप्पांना तो काय असतो हे सांगावं असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अप्पांना वाटलं तीर्थ असेल, फार तर साखरफुटाणे. सेवेकऱ्याने त्यांच्या ओंजळीत गरम, तुपाने चकाकणारा गोळा ठेवला. तुपात खरपूस भाजलेली कणीक आणि साखर. कणकेचा शिराच तो.

अप्पा जागच्या जागी थांबले. मागची रांग त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागली. खाता येईना, टाकता येईना, परत देता येईना. शेवटी ते ओंजळ तशीच पुढे धरून बाहेर आले आणि संगमरवरी पायऱ्यांवर बसले. तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीत शिरलं.

काकांनी लगेच वकीलपत्र घेतलं. एक, हा रव्याचा नाही, तेव्हा शिरा नाहीच. दोन, सोडला होता गणपतीपुढे, हा दरबार वेगळा. तीन, इथे नाही म्हणणं म्हणजे हुकूम मोडणं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले की रव्याचा असा उल्लेख मी केला नव्हता, नुसता शिरा म्हटलं होतं. पीठ बदलल्याने पदार्थ बदलत नाही.

मला एकदम संताप आला. दोन वर्षांचा साठलेला असावा. म्हटलं, "अप्पा, आई गेली. तुम्ही हे खाल्लं नाही म्हणून ती परत येणार आहे का?"

"तसं नाही गं." ते ओंजळीकडे बघत होते. "मी अर्ज दिलाय. निकाल हातात पडेपर्यंत अर्ज प्रलंबित असतो. हे खाल्लं, म्हणजे मी तो मागे घेतला असं होईल."

मला आधी हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि ते विरलं. दोन वर्षं आम्ही सगळे समजत होतो की हा माणूस देवावर रुसलाय. तो बिचारा अजून निकालाच्या खिडकीपाशी उभा होता.

शेजारच्या पायरीवर एक म्हाताऱ्या बीबीजी पाय पसरून बसल्या होत्या. त्या मघापासून पाहत होत्या. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा अप्पांनी त्यांच्या सरकारी हिंदीत सगळी हकिगत सांगितली, हॉस्पिटलपासून. मला वाटलं, आता उपदेश होणार. बीबीजींनी उपदेश केला नाही, कपाळाला हातही लावला नाही.

"वीरजी, ठंडा हो रया है," त्या म्हणाल्या. "एह ना तुहाडा, ना मेरा. हथ विच है, तां वंड देओ." म्हणजे, हे ना तुमचं ना माझं, हातात आहे तर वाटून टाका. आणि त्यांनी स्वतःची ओंजळ पुढे केली.

अप्पांनी क्षणभर विचार केला. मग अगदी काळजीपूर्वक, पंगतीत वाढावं तसा, त्यातला थोडा त्यांना दिला, थोडा मला, थोडा काकांना. जाणाऱ्या-येणाऱ्या दोघांना बोलावून दिला. ओंजळ रिकामी झाली. व्रत मोडलं नाही आणि प्रसादही वाया गेला नाही. फाइल योग्य त्या टेबलांकडे रवाना केल्याचं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट पाहिलं. बीबीजींनी हाताला राहिलेलं तूप तळहातांवर चोळलं आणि अप्पांनाही तसंच करायला सांगितलं. ते त्यांनी केलं. नंतर लंगरमध्ये डाळ, रोटी, खीर सगळं व्यवस्थित जेवले. खिरीबद्दल अर्जात काही नव्हतं.

परतीच्या रस्त्याने अप्पा अधूनमधून तळहात नाकाशी नेत होते. काका मात्र रंगात आले होते, त्यांनी पुन्हा नाला काढला. रोपडच्या पुलावर अप्पांनी मध्येच साधा प्रश्न विचारला, की नाल्यातून तुम्हाला बाहेर कोणी काढलं?

 काकांना इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. "बायकोनं," ते म्हणाले. "रातभर हुडकत हुती. चप्पलबी न्हवती पायात."  सुभेदारकाकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, आणि काकांच्या अनुभवात त्यांचा उल्लेख मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतरच्या गुरुवारी पूजा होती. सव्वाच्या मापाचा रवा मी कढईत घातला आणि नेहमीप्रमाणे घाईने आच वाढवली. अप्पा स्वयंपाकघरात आले, गॅस बारीक केला, माझ्या हातातून कालथा घेतला. "तिला अर्धा तास लागायचा," एवढंच म्हणाले. मी केळी कापत उभी राहिले. रवा गुलाबी होईपर्यंत ते कढईसमोरून हलले नाहीत.

कथा झाली, आरती झाली. मी पार्किंगकडे जाणाऱ्या लिफ्टवर नजर ठेवून होते. पण अप्पांनी पातेलं उचललं आणि स्वतः वाटायला सुरुवात केली. सासूबाई, शेजारचे, काका, आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई, सगळ्यांना. शेवटी एका वाटीत थोडा घेतला आणि खुर्चीवर बसले. बराच वेळ वाटी तशीच हातात होती. मग एक घास खाल्ला.

"साखर कमी आहे," म्हणाले. वाटी संपवली आणि माझ्यापुढे धरली.

मला रडू आलं. तशीच रडत मी पुन्हा वाढलं. सासूबाईंना वाटलं नव्या घराचा आनंद झाला.

पुढच्याच रविवारी भजनानंतर काकांनी हा अनुभव सांगितला. त्यात अप्पा कट्टर नास्तिक होते, ओंजळीतून प्रकाश बाहेर पडला होता, आणि या सगळ्यामागे काकांची साधना होती. मी दुरुस्ती करणार होते. पण शेवटी ते नाल्याकडे वळले आणि या वेळी नाल्याच्या काठावर अनवाणी काकू उभ्या होत्या. मग मी गप्प बसले.

तर, ज्यांना आनंदपूरला जायचंय त्यांनी जरूर जा. ऑक्टोबर ते मार्च हवा चांगली असते, सोबत पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट नेऊ नका. जाऊन माणूस बदलतो का, ते मला विचाराल तर मी अजूनही खांदेच उडवीन. माझ्या हाती लागलं ते एवढंच की माझा बाप पुन्हा माणसांत गेला.

काल कराडहून अप्पांचा फोन आला. चुलत्यांच्या नातवाच्या बारशाला जाऊन आले होते. तिथल्या काकूंनी शिराच केला होता आणि त्यांनी दोनदा घेतला. मी भीत भीत विचारलं, अर्जाचं काय झालं?

"नामंजूर," ते म्हणाले. "तेव्हाच झाला होता. मी निकाल घ्यायला गेलो नव्हतो." मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि हे बघ, तुझ्या आईच्या शिऱ्यात साखर कधी कमी नसायची. परत मागायला काहीतरी निमित्त लागायचं."