गुरुलिंगअप्पांचं खरं वजन

अहमदपूरच्या मोंढ्यात गुरुलिंगअप्पांची आडत आहे. सोयाबीनचं पोतं काट्यावर चढलं, की बारदाना, माती, ओल अशी कारणं पुढं करून अप्पा किलो-दीड किलो कडता कापणार म्हणजे कापणार. वीस वर्षांत त्यांच्या काट्यावर कुणाचंच वजन पुरं भरलेलं नाही. त्यांना विचाराल तर ही लबाडी नाही, रीत आहे. संतापाची गोष्ट तीच.

चाळिशी उलटल्यावर अप्पांनी लांबलचक क्रूझर मोटारसायकल घेतली. ऐट सरदाराची; पण ब्रेक दाबला की पुढची बाजू खाली बसायची आणि मागं बसलेल्या अंबिकाबाईंचं कपाळ अप्पांच्या हेल्मेटवर आदळायचं. दोन टेंगळं आल्यावर बाईंनी निक्षून सांगितलं, "हे नीट करून घ्या. न्हाईतर भावाच्या घरभरणीला मी लातूरला एसटीनं जाते."

आली का पंचाईत. बायकोला मागं बसवून सासुरवाडीच्या गल्लीत शिरायचं, एवढ्यासाठी तर गाडी घेतलेली. एकट्यानं जाऊन काय दिवे लावणार?

अप्पांनी नांदेड गाठलं. तिथला मेस्तरी शेषेराव पुढच्या चाकाच्या फोर्कमधल्या स्प्रिंगा बदलण्यात पटाईत. त्यानं आधी विचारलं, "अप्पा, वजन किती? बसणाऱ्याचं वजन बघूनच स्प्रिंग टाकावी लागती."

अप्पांचं वजन एकशे आठ. तोंडातून निघालं, "ब्याऐंशी."

"आन वैनींचं?"

बाईंचं सत्तर. अप्पांनी त्यातलेही पंधरा उडवले. पोत्यामागं दीड किलो कापणारा माणूस स्वतःच्या देहावर एवढा मेहेरबान होईल, हे त्या बिचाऱ्या शेषेरावाला कसं कळावं? त्यानं सांगितल्या वजनाच्या स्प्रिंगा टाकल्या, फोर्कमध्ये नवं तेल भरलं.

घरी आल्यावर अप्पांनी बाईंना मोठ्या मानानं मागं बसवलं. पहिल्याच गतिरोधकावर फोर्क खाडकन तळाला टेकला आणि तिसरं टेंगूळ आलं.

घरभरणीच्या आदल्या दिवशी अप्पा गाडीवर आणि अंबिकाबाई एसटीनं, अशी वरात नांदेडला पोचली. बाईंचा भरवसा उडाला होता तो मेस्तरीवरचा नाही, नवऱ्यावरचा.

"बोगस माल टाकलास का रे?" अप्पा गरजले.

शेषेराव शांतपणे म्हणाला, "माल चांगला हाय. तुमी सांगितल्या वजनाला बराबर हाय. वैनी, तुमचं किती?"

"सत्तर," बाईंनी सांगून टाकलं.

शेषेरावानं एकदा अप्पांच्या पोटाकडं पाहिलं. "अप्पा, आता तुमचंबी खरं सांगा. सांजच्याला गाडी देतो, उद्या जोडीनं लातूरला जावा."

अंबिकाबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. जोडीनं जायची हौस त्यांनाही होतीच, त्यासाठी नवी इरकल काढून ठेवली होती. एक आकडा तर सांगायचा, आणि तोही साऱ्या मोंढ्याला लांबून दिसणारा. अप्पांनी पोट आत ओढलं.

"पंच्याण्णव."

बाईंनी पिशवी उचलली, रस्त्यावरच्या ऑटोला हात केला आणि आत बसत म्हणाल्या, "बसस्टँडला घे, दादा."