स्वतःलाच पाठवलेलं पत्र

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी सुप्याच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात नोकरीला होते. ईमेल तिथे नुकताच आला होता. सकाळी फोनवरून लाइन जोडायची, आलेले मेल कागदावर छापायचे आणि गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, हे माझं काम. साहेब काँप्युटरला हात लावत नसत. पासवर्डची चिठ्ठी मी मॉनिटरलाच चिकटवून टाकली होती. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, अगं, झाकून ठेव. मी हसले. शिंगणापूरची पोर मी, आमच्याकडे घरांना दारंच नसतात, तिथं एका चिठ्ठीचं काय घेऊन बसलीस, म्हटलं.

नगरला मावशीकडे राहून नोकरी करायला वडिलांनी कशीबशी परवानगी दिली होती. अट एकच: तुझ्या नावानं एक जरी बोल कानावर आला, तर गुमान घरी यायचं.

एका सकाळी मी नेहमीसारखा गठ्ठा न वाचताच ठेवून आले. घटकाभरात साहेबांनी आत बोलावलं. त्यांच्या हातात पुरुषांच्या कसल्याशा औषधाची जाहिरात होती, चित्रासकट. शी! मला तर धड बघवेना. आणि पाठवणाऱ्याच्या जागी पत्ता आमच्याच कारखान्याचा. पाठवणारे आम्ही, घेणारेही आम्हीच.

हे तुझे धंदे का, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, चिठ्ठी उघड्यावर आहे, कुणीही वाचू शकतं. पण ते यंत्र चालवता येतं कुणाला, तर मला एकटीला. संध्याकाळी सहानंतर तू कशाला थांबतेस, हा त्यांचा पुढचा प्रश्न. लाइन तेव्हा मोकळी मिळायची, बाहेरचे मेल मी तेव्हा पाठवायचे. आणि मी एकटी कुठे असायचे? नगरची एसटी येईपर्यंत मैत्रीण माझ्याच शेजारी स्टुलावर शेंगा फोडत बसायची, मी काय टाइप करते ते बघत. म्हटलं, तिलाच विचारा. माझा केवढा भरवसा तिच्यावर!

तिला बोलावलं. ती फरशीकडे बघत म्हणाली, "यंत्रावर हीच असती साहेब. सहानंतर बी हीच. मला त्यातलं काय कळत न्हाई."

माझ्या डब्यातली भाकरी खाल्लेलं तोंड ते! शेंगांबद्दल, स्टुलाबद्दल अवाक्षर नाही. साहेब म्हणाले, उद्या वडिलांना घेऊन ये.

वडील एसटी बदलत आले आणि साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. माझं गाठोडं बांधलंच गेलं, असं मी धरून चालले. तेवढ्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. बोलता बोलता साहेबांनी सहज त्या मेलचा विषय काढला, तर तो माणूस हसायलाच लागला. त्यालाही तसलंच पत्र आलं होतं, त्याच्या स्वतःच्याच पत्त्यावरून. पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव लिहावं तसा हा प्रकार, त्याला पासवर्डसुद्धा लागत नाही म्हणे. साहेबांनी फोन ठेवला आणि मला सांगितलं, जा, कामाला लाग. माफीबिफी काही नाही. वडिलांना चहा पाजून परत पाठवलं.

संध्याकाळी फाट्यावर मैत्रीण नेहमीसारखी शेजारी येऊन उभी राहिली. सुटलीस बाई एकदाची, म्हणाली.

मी विचारलं, "तुला खरंच वाटलं, ते मी केलं म्हणून?"

"न्हाई गं. तू केलं न्हाई, हे मला पहिल्यापासनं ठाऊक हुतं."

एसटी आली. ती पुढे घुसली आणि खिडकीजवळ माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरून बसली. मी नगरपर्यंत उभ्यानंच आले.