म्हशीच्या पाठीवरचे दोन चौकोन

शिरोली एमआयडीसीतली आमची कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली. तरी आम्ही जुने दोघं-तिघं कुठे लग्नाकार्यात भेटलो, की पंगत उठली तरी किस्से संपत नाहीत. बायको म्हणते, "पगार कमी आणि किस्से जास्त, अशी नोकरी होती तुमची." खरं आहे. काम फत्ते झालं तर त्याचा एकच किस्सा होतो. आमच्याकडे ढीग आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या डॉक्टर हिरेमठांनी जनावरांच्या गोचिडांवर एक नवं लोशन तयार केलं होतं. सरकारी दवाखान्यात असताना त्यांनी लोकांना पिकावरचं औषध म्हशीला चोळताना पाहिलं होतं, आणि नंतर त्या म्हशींच्या सोललेल्या पाठीही. गोचीड मरेल पण कातडी जळणार नाही असं औषध करायचं, म्हणून त्यांनी पक्की नोकरी सोडली. सशांवरची चाचणी पास झाली होती. आता गावातल्या जनावरांच्या कातडीवर ते निभावलं तर बाजारात जाणार, नाहीतर मुंबईचं हेड ऑफिस आमचा विभागच गुंडाळणार.

मी त्यांचा असिस्टंट. जनावराच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढा चौकोन भादरायचा, डावीकडे औषध लावायचं, उजवीकडे नुसतं तेल, आणि लाली येते का ते अधूनमधून जाऊन बघायचं. मधल्या काळात त्यावर दुसरं काही लागता कामा नये. इतकं सोपं काम.

* * *

पहिली म्हैस राधानगरीजवळच्या अक्काताईंची. चौकोन भादरले, औषध लावलं, सगळं समजावून सांगितलं. परत गेलो तर दोन्ही चौकोन पिवळेधमक.

"काही लावू नका म्हणालो होतो ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"औषध न्हाय लावलं की. हळद लावलीया," अक्काताई म्हणाल्या. "एवढं भादरून गेलासा, मुक्या जीवाला तसंच कसं ठिवायचं?"

डॉक्टरांचं घर सीमेकडचं. चिडले की ते कन्नडवर जायचे. गेले. अक्काताईंना त्यातलं काही कळलं नाही, त्यामुळे त्यांनी शांतपणे चहा ठेवला.

* * *

त्याच गावात दुसरी म्हैस धरली. मालकाने शपथेवर सांगितलं की हळदीचं बोटसुद्धा लावलेलं नाही. खरंच नव्हतं. चौकोन स्वच्छ होते, आणि औषधाचाही मागमूस नव्हता. म्हैस रोज दुपारी डबक्यात बसत होती.

"पाण्यात सोडू नका म्हणालो होतो!"

"पावणं, म्हस हाय ती. डबक्यात न्हाय बसायची तर काय खुर्चीत बसायची?"

येताना जीपमध्ये डॉक्टर म्हणाले, "चूक त्याची नाही."

* * *

म्हणून मग बैल घेतले. बैल काही डबक्यात बसत नाहीत. मालक दत्तूअण्णा म्हणजे शब्दाचा पक्का माणूस. सगळं नीट चाललं होतं, आणि आला बेंदूर. वर्षभर राबणाऱ्या बैलाला त्या सणाला धुऊ नका, हे सांगायला माझी जीभ रेटेना. डॉक्टरांनीच सांगितलं. अण्णांनी मान डोलावली.

सण झाल्यावर गेलो. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. अण्णांनी झूल उचलली. डावा चौकोन लालभडक, उजवा हिरवागार.

"धुतला न्हाय बरं का," अण्णा अभिमानाने म्हणाले. "तुमचंच काम सोपं क्येलं. औषधाची बाजू लाल, तेलाची हिरवी. आता घोळ व्हायचा न्हाय."

आम्ही इतके दिवस लालीच शोधत होतो. त्या दिवशी ती मिळाली. मी हसलो, आणि डॉक्टरांचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली.

* * *

शेवटी डॉक्टरांनी ठरवलं, गावाचा नादच नको. कंपनीच्या मागच्या शेडमध्ये दोन म्हशी आणून बांधल्या. पाणी आपलं, माणसं आपली, हळदीचा संबंध नाही. पण शेजारी फाउंड्री होती. भट्टीची काळी धूळ शेडमध्ये अशी यायची की सकाळी म्हशी ओळखू येत नसत, अर्थात मुळात काळ्याच असल्यामुळे हे आम्हाला उशिरा कळलं. त्या धुळीने कातडी चुरचुरायची. औषधाचा चौकोन लाल, तेलाचा लाल, न भादरलेली मानही लाल.

डॉक्टर स्वतःची मान खाजवत होते. "मीपण आहे काय रे ट्रायलमध्ये?" त्यांनी मला विचारलं. त्यानंतर मी त्यांना विनोद करताना ऐकलं नाही.

* * *

पुन्हा अक्काताईंकडेच गेलो, चौकोन नव्याने भादरले, औषध लावलं. डॉक्टरांनी अक्षरशः हात जोडले. "अक्का, आम्ही येईपर्यंत काही लावू नका. पाण्यात नाही, हळद नाही, काही नाही."

"न्हाय लावत," त्या म्हणाल्या.

पुढच्या फेरीआधीच मुंबईचा फॅक्स आला. विभाग बंद. डॉक्टरांनी शिवाजी पेठेत एका औषधाच्या दुकानात मागे टेबल टाकलं, मी दुसरीकडे चिकटलो. गावाला कळवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या वर्षी एका लग्नाला आम्ही दोघं राधानगरीकडे गेलो होतो. वाटेत डॉक्टर म्हणाले, "जरा अक्काकडे डोकावू."

म्हैस गोठ्यात होती. मानेवर, कानात गोचिडं टपोरलेली. आणि पाठीवर दोन चौकोन, ताजे भादरलेले.

"केस आलं की आमचं मालक वस्तरा फिरवत्यात," अक्काताई म्हणाल्या. "तुमी आल्यावर दिसाय नगो? पाण्यात सोडली न्हाय. गोचिडं हातानं येचतो, पर लावलं काय न्हाय."

डॉक्टर वाकले. डाव्या चौकोनावर बोटं दाबली. फिरून पलीकडे गेले, उजव्यावर दाबली. मग पूर्वी मला नोंद लिहायला सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "डावीकडे लाली नाही. उजवीकडे लाली नाही."

"बरं हाय न्हवं?" अक्काताईंनी विचारलं. "मग आता लावू का हळद?"

डॉक्टरांनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"अजून थोडे दिवस थांबा, अक्का," ते म्हणाले. "आम्ही परत येतो."