वाढलेल्या बांगड्या

इंग्रजी काव्याच्या जाणकारांनी लिहावे, असा हा विषय. साठीनंतर लेखणी धरलेल्या माझ्यासारखीने तो हाती घ्यावा, याबद्दल आधीच क्षमा मागते. गेल्या महिन्यात फादर एडमंड गेल्याचा फोन आला, तेव्हा नोएडाच्या घरी मी त्यांच्याच एका कवितेच्या मराठी अनुवादावर अडून बसले होते... अजूनही तिथेच अडले आहे.

इंग्लंडचे हे धर्मगुरू तरुणपणी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आले आणि उतारवयात दिल्लीत स्थिरावले. त्यांचे कवितासंग्रह तीनच. पहिल्यात त्यांच्या गावचे धुके, शेवटच्यात दिल्लीचा उन्हाळा. मधला मात्र सगळा नगरचा. त्यात एका विधवेची कविता आहे. तिचा नवरा गेला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, ‘तिच्या बांगड्या वाढवल्या.’ नुकतेच मराठी शिकलेल्या फादरांनी ते शब्दशः घेतले. कवितेत त्या बांगड्या वाढतच जातात, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, आणि रिकामे घर त्यांच्या किणकिणाटाने भरून जाते.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये ते चहाला आले असताना मी चाचरत म्हटले, “फादर, वाढवल्या म्हणजे फोडल्या. अशुभ बोलू नये, म्हणून तसे म्हणतात.”

ते म्हणाले, “म्हणजे ताई, इतकी वर्षे मी त्या बाईला नुसता नटवतोय?” आणि असे हसले की हातातला कप निसटून फरशीवर पडला. यजमान धावत आले, तर फादर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “काही नाही, कप वाढला.”

“बिल्कुल! आता दोन झाले,” यजमान म्हणाले.

पुढे यजमान गेले. त्यानंतर ती कविता पुन्हा वाचली, आणि मला ती चूक वाटेना... त्या खेड्यात आपली कविता मराठीत वाचली जावी, एवढीच फादरांची इच्छा होती. शेवटच्या भेटीत मी विचारले, “दुरुस्त करू?” ते म्हणाले, “अच्छा, विचार करून सांगतो. गावातले लोक हसतील ना, ताई?”

सांगायचे राहून गेले. दुरुस्त केली तर कविता उरत नाही; ठेवली तर हसू त्यांचे होईल. त्या कपाचा कान मी फडताळात जपला आहे. रोज चहाची पत्ती काढताना तो हाताला लागतो.

तुम्ही नगरकडचे असाल, तर सांगाल का: ती कविता वाचून तुम्ही त्यांना हसाल?