टॅबचं पासिंग

माझ्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी एक नवाकोरा टॅब फ्रीजमध्ये ठेवला होता, आणि तो पूर्ण विचार करून ठेवला होता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट आता जो तो आपापल्या पद्धतीने सांगतो आणि प्रत्येकाच्या पद्धतीत मी येडा ठरतो. (माझ्याही पद्धतीत ठरतो, पण निदान कारणं कळतात.)

आमचे नाना, म्हणजे माझ्या बायकोचे, वर्षाचे वडील, साताऱ्याचे. आरटीओत इन्स्पेक्टर होते. उभी हयात लोकांच्या लायसनच्या टेस्ट घेण्यात आणि गाड्यांचं पासिंग करण्यात गेली. हॉर्न वाजतो का, ब्रेक लागतो का, गाडी रस्त्यावर सोडायच्या लायकीची आहे का, हे बघायचं आणि नसेल तर मालकाला परत पाठवायचं. मी वर्षाला बघायला गेलो तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर नाना म्हणाले, "चला, जरा चक्कर मारून येऊ." किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, मोकळेपणाने बोलायचं असेल. परत आल्यावर त्यांनी घरच्यांना निकाल सांगितला: "क्लचवरचा पाय काढत नाहीत. बाकी मुलगा ठीक आहे."

पुढे वर्षाच्या धाकट्या बहिणीला, मेघनाला बघायला पराग आला. त्यालाही तीच गाडी, तोच रस्ता. परत आल्यावर नाना एकच शब्द बोलले, "पास."

तेव्हापासून हा पराग, माझा साडू, माझ्या डोक्यात बसलाय. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. आम्ही सिडनीत क्वेकर्स हिलला आलो, पाठोपाठ तेही वेंटवर्थव्हिलला आले. नाना दर रविवारी साताऱ्याहून फोन करतात. मला तासभर झापतात: मीटिंगमध्ये फार बोलता, पोट सुटलंय, गवत कापलं का, कॅमेरा सरळ धरा. परागला दोन मिनिटांत "छान, छान" म्हणून फोन ठेवतात. इतक्या वर्षांत मला एकदाही नुसतं "छान" मिळालेलं नाही. एकदा, फक्त एकदा, मला त्या माणसाकडून पास व्हायचं होतं.

नाना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले आणि आठवड्याभरात कोमेजले. त्यांचं दुखणं काय आहे ते आधी कळेना. सकाळी कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे. परत यायचे ते खांदे पाडून.

"काय झालं नाना?"

"सगळे इंडिकेटर देतात हो," नाना म्हणायचे.

मग त्यांना ईराचा, म्हणजे आमच्या चौदा वर्षांच्या कन्येचा, जुना टॅब सापडला. त्यात बस चालवायचा एक गेम होता. सिग्नल, थांबे, प्रवासी, सगळं खऱ्यासारखं. नाना त्यात रमले. पण टॅब म्हातारा, चित्र अडकत अडकत पुढे जायचं. सिग्नल लाल झाला की बस तीन घरं सोडून थांबायची. "याचे ब्रेक गेलेत," नाना म्हणाले, आणि पंचाहत्तरीला त्यांना चांगला टॅब द्यायचा हे मी तिथल्या तिथे ठरवलं. परागनेही तेच ठरवलं, हे मला टॅब घरी आल्यावर कळलं. आणि त्याने नेमका दुसऱ्या कंपनीचा घेतला होता.

नानांनी दोन्ही खोक्यांकडे पाहिलं. "दोन टॅब नेऊन मी काय करू? दोन हातांत दोन बस चालवू? वाढदिवसाच्या दिवशी दोन्हींचं पासिंग घेतो. मग कुठला साताऱ्याला न्यायचा ते ठरवू."

मला आतून उकळ्या फुटल्या. कारण माझा पेशाच परफॉर्मन्स टेस्टिंगचा. ताण आला की सॉफ्टवेअर कुठे दम टाकतं ते शोधायचं आणि त्याला पळवायचं, याचा मला पगार मिळतो. टॅब घेण्याआधी मी तीन आठवडे रोज व्हिडिओ बघितले होते. डावीकडे एक टॅब, उजवीकडे दुसरा, दोन्हींवर तोच गेम, तोच स्फोट, आणि कुठला किती चित्रं सेकंदाला दाखवतो यावर एक तरुण इसम घसा फोडून बोलतोय. माझ्या टॅबवर गवताच्या एकेका पात्याची सावली वेगळी दिसायची. मी वर्षाला ती झूम करून दाखवली होती.

"मिलिंद, नाना बस चालवणार आहेत," वर्षा म्हणाली होती. "गवत नाही कापणार."

परागला मी सहज विचारलं, तू कशाच्या आधारावर निवडलास? तो म्हणाला, "दुकानात गेलो. म्हटलं, मेट, सासऱ्यांना द्यायचाय. त्याने हा हातात ठेवला. नो वरीज." असल्या माणसाशी माझी स्पर्धा होती.

वाढदिवस जानेवारीतला, म्हणजे इथला भर उन्हाळा, रविवार, आणि ऊन असं की अंगणातल्या खुर्चीला हात लावला तरी चटका बसावा. नानांना मात्र पासिंग बाहेरच हवं होतं, पर्गोलाच्या, म्हणजे अंगणातल्या लाकडी मांडवाच्या सावलीत. "पासिंग मोकळ्या जागेतच घेतात," हा नियम. सकाळी मी ईराला घेऊन बाहेरच रंगीत तालीम केली. पहिली दहा मिनिटं काय सांगू! बस लोण्यासारखी चालली, गवत तर गवत, डांबरावरचे खडेसुद्धा मोजता येत होते. मग टॅबची पाठ तापली आणि बस ठेचकाळायला लागली.

"बाबा, इट्स थ्रॉटलिंग," ईरा म्हणाली.

"मला माहितीये थ्रॉटलिंग म्हणजे काय. गरम झाला की स्वतःला जपण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. मी त्याचाच पगार खातो."

"देन फिक्स इट," एवढं बोलून ती मागच्या पूलमध्ये पोहायला निघून गेली.

परागचा टॅब चांगला जाडजूड होता, त्याला लवकर तापायचं कारण नव्हतं. माझा बारीक, देखणा, आणि म्हणून तापट. पण मला उपाय सुचला, आणि तो शास्त्रशुद्ध होता. पासिंगला बाहेर काढेपर्यंत टॅब गार ठेवायचा. सुरुवातच थंडगार झाली तर अर्धा तास सहज निघेल.

फ्रीज उघडला तर वाढदिवसाच्या स्वयंपाकाने ठासून भरलेला. आडवा टॅब मावेल अशी एकच जागा होती, मधल्या कप्प्यात, आणि तिथे एक रिकामं-रिकामंसं पातेलं उगाच जागा अडवून बसलं होतं. मी ते उचलून ओट्यावर ठेवलं आणि त्या जागी टॅब ठेवला. वर काय लोंबतंय याकडे बघायची मला गरज वाटली नाही. पांढरं फडकं होतं. आमच्या स्वयंपाकघरात पांढरी फडकी कुठेही लोंबत असतात.

दोन तासांनी काढला तेव्हा टॅब ओला होता. "बाष्प," मी स्वतःशीच म्हणालो, अगदी तज्ज्ञासारखा, आणि टी-शर्टला पुसून टाकला.

पासिंग सुरू झालं. नाना खुर्चीत ताठ. गाडी मालकाने चालवायची, इन्स्पेक्टर फक्त सांगणार, अशी पद्धत. आधी परागचा नंबर.

"हॉर्न."

हॉर्न वाजला.

"वायपर. डावा इंडिकेटर. थांब्यावर घ्या. दार उघडा. दार बंद."

सगळं झालं. सांगितलं की झालं, एवढंसंही न अडखळता. मी नानांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. माणसाची टॅक्स रिटर्नची फाइल वाचताना होते तशी त्यांची मुद्रा होत चालली होती. "पास," ते शेवटी म्हणाले, पडेल आवाजात. "पुढची गाडी."

मी बसलो. गेम उघडला. नाना वाकून म्हणाले, "झाडं चांगली आहेत," आणि मी परागकडे असं बघितलं की बस्स.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

"मी अजून हॉर्न म्हटलं नाही," नाना म्हणाले.

"मी वाजवला नाही, नाना."

"मग कोणी वाजवला?"

यावर बसने पुन्हा हॉर्न दिला. लांबलचक. मग वायपर सुरू झाले, गेममध्ये लख्ख ऊन असताना. उजवा इंडिकेटर लागला आणि बस डावीकडे वळली. भर रस्त्यात दार उघडलं.

"दार! अहो दार!" नाना खुर्चीतून उठले. "पॅसेंजर पडतील! बंद करा आधी!"

"बाबा, डोन्ट टच इट," ईरा टॉवेल गुंडाळून धावत आली.

"मी हातच लावत नाहीये!" मी दोन्ही हात वर केले. दरोडा पडल्यावर बँकेतला कॅशियर करतो तसे. बसला माझी गरज राहिली नव्हती. तिने राउंडअबाउटला उलटी प्रदक्षिणा घातली, फुलांच्या वाफ्यातून गेली (पाकळी न् पाकळी दिसत होती, ग्राफिक्सला नाव ठेवायला जागा नाही), आणि मागे मागे पेट्रोल पंपात शिरली.

"ड्रायव्हरलेस मॉडेल घेतलंस का रे?" परागने विचारलं. कुंपणापलीकडून शेजाऱ्याने डोकं वर काढून "ऑल गुड, मेट?" केलं. मला पर्गोलाखालची जमीन दुभंगायला हवी होती, पण कौन्सिलच्या परवानगीशिवाय आमच्याकडे काहीच खणता येत नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वर्षाचा आवाज आला, आणि पाठोपाठ वर्षा. हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेला दह्याचा गोळा.

"मिलिंद, श्रीखंडाचा चक्का मी उन्हात आंबू नये म्हणून फ्रीजमध्ये वरच्या जाळीला टांगला होता. त्याच्याखालचं पातेलं ओट्यावर कसं आलं? आणि चक्क्याचं पाणी गेलं कुठे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टॅबकडे बघायला लागलो. टॅबने हॉर्न दिला. नानांनी शांतपणे टॅब उचलला, कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"आंबट," नाना म्हणाले.

मेघना हसता हसता खालीच बसली. मी तोंड उघडलं. "नाना, तो तापत होता. गार केला की ग्राफिक्स..."

"म्हणजे पासिंगच्या आधी गाडीला काहीतरी करून आणलीत." नाना माझ्याकडे चष्म्यावरून बघत होते. "असे मालक मी नोकरीभर बघितलेत."

झालं, म्हटलं. आता साताऱ्याला निघेपर्यंत हेच ऐकायचं. नानांनी घसा खाकरला आणि निकाल दिला. "परागराव, तुमचा टॅब चोख आहे. पास. तो ईराला द्या, अभ्यासाला." ईरा "यस!" म्हणून उडाली. "हा मिलिंदरावांचा फेल आहे. हा मी नेतो."

"नाना, फेल झालेला कशाला?" मेघनाने विचारलं.

"अगं, चोख गाडी पास होते आणि निघून जाते. पुन्हा तोंड दाखवत नाही. वाईचा एक ट्रकवाला होता. कधी ब्रेक, कधी लाइट, दरवर्षी काहीतरी बिघडलेलंच. दरवर्षी फेल करायचो, दरवर्षी परत यायचा, चहा घेऊन जायचा. त्याच्या पोरीच्या लग्नात त्याने मला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं." मग नाना टॅबची कड रुमालाने पुसत म्हणाले, "तुमच्याकडे इथे सगळं पासच आहे गं. मी दिवसभर करू काय?"

माझ्या डोक्यात एकदम ते रविवारचे फोन वाजले. तासभर मला, दोन मिनिटं परागला. मला भरून आलं, खरंच आलं. आणि लगेच रागही आला, की हे इतक्या वर्षांत एकदा सांगायला यांचं काय जात होतं?

श्रीखंड त्या दिवशी अप्रतिम घट्ट झालं होतं. पाण्याचा थेंब राहिला नव्हता त्यात. सगळं पाणी टॅबमध्ये होतं.

नाना तो टॅब घेऊन साताऱ्याला गेले. रोज दुपारी जेवण झालं की त्याला झापत बसायचे म्हणे. मग एका रविवारी व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला.

"मिलिंदराव, तुमचा टॅब बिघडला."

"काय झालं नाना?"

"नीट चालतोय. हॉर्न म्हटलं की हॉर्न, दार म्हटलं की दार. आठवडा झाला, एक चूक नाही." आतलं पाणी सुकलं असणार, हे माझ्या लक्षात आलं. नाना कॅमेऱ्याजवळ आले. "यातले तज्ज्ञ तुम्ही. काहीतरी सुचवा."

मी दार लोटून घेतलं. घरात कोणी ऐकू नये, अशी अपेक्षा होती. "नाना, फ्रीजच्या वरच्या जाळीला चक्का बांधा," मी हळू आवाजात म्हणालो. "आणि खालचं पातेलं काढून घ्या."

नानांनी ते कागदावर उतरवून घेतलं. मग मान हलवून म्हणाले, "पास."

यंत्रं वेगाने पळवायचा पगार मी इतकी वर्षं खातोय. सासऱ्यांनी मला आयुष्यात एकदाच पास केलं, तेही धडधाकट टॅब बिघडवायची रीत सांगितल्याबद्दल. आणि कॉल कट करायच्या आधी म्हणालेच, "कॅमेरा सरळ धरा."